बेटावर काही नाही, हे बघायला

मार्गशीर्ष लागला की वाशीच्या हवेत दोन गोष्टी येतात. एक, पहाटेचा थोडासा गारवा, ज्याला आम्ही नव्या मुंबईचे लोक हौसेने थंडी म्हणतो आणि कपाटातली स्वेटरं काढून त्यांना ऊन दाखवतो. दुसरी, सहलीचा मेसेज. यंदाचा मेसेज काल सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आला. घारापुरीला जायचं ठरलंय. लाँच, नाश्ता, लेणी, जेवण, अंताक्षरी. आणि सगळ्यात शेवटी, हात जोडलेल्या चिन्हासकट: ‘ज्येष्ठ नागरिक आणि ज्यांना चढण जमणार नाही त्यांच्यासाठी खाली बसण्याची उत्तम सोय आहे. सामानाची काळजी नसावी, खाली कुणीतरी असेलच.’

ते कुणीतरी म्हणजे मी.

लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून माझ्या डाव्या पायात कॅलिपर आहे. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि प्रत्येक पावलाला एक ‘खट’. हातात काठी. एवढ्या सामग्रीवर मी शिकले, न्हावा शेव्याला माल सोडवणाऱ्या एका ऑफिसात सत्तावीस वर्षं कागदपत्रं केली, लग्न केलं, पोरगी वाढवली. पण सहल म्हटली की माझी नेमणूक ठरलेली. ‘शैला, तू बस इथं, आम्ही बघून येतो.’ मग माझ्याभोवती पिशव्यांचा ढीग, पाण्याच्या बाटल्या, कुणाचं जॅकेट, कुणाच्या चपला. जेजुरी, सिंहगड, रायगड, कार्ल्याची लेणी, मी सगळीकडे जाऊन आलेय आणि काहीही बघितलेलं नाही. मला या राज्याच्या पायथ्यांची मात्र उत्तम माहिती आहे. कुठला चहा बरा, कुठल्या झाडाची सावली दुपारी दोननंतर सरकते, कुठल्या पायथ्याची कुत्री मायाळू, विचारा मला.

आणि वरून आलेली माणसं दरवेळी तेच सांगतात. ‘काही नाही गं वर. तू काही चुकवलं नाहीस.’ बिचारी चांगल्या मनाने सांगतात. घामाने थबथबलेली, डोळ्यांत वरचा वारा असलेली माणसं मला सांगतात की वर काही नाही, आणि मग घरी जाऊन दोनशे फोटो टाकतात.

घारापुरीच्या बेटावर मी पहिल्यांदा गेले ती आठवीत असताना, वाशीच्या शाळेच्या सहलीबरोबर. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पहिल्या पायरीशी सतरंजी घालून दिली. सतरंजीवर चाळीस डबे आणि मी. वर्ग वर गेला, त्यांचा कल्ला हळूहळू झाडांत विरला आणि माकडं आली. काठी आपटून आपटून मी एकोणचाळीस डबे वाचवले. चाळिसावा बाईंचाच निघाला. वर्ग खाली आला तेव्हा ‘एवढंही जमलं नाही का गं?’ हे पहिलं वाक्य, बाईंचं, आणि ‘काही नव्हतं गं वर, नुसते काळे दगड’ हे दुसरं. दुसरं वाक्य माझ्या जिवलग मैत्रिणीचं. पहिलं मी त्याच दिवशी सोडून दिलं. दुसरं आजही घशात आहे.

पुढे नोकरी लागली ती त्याच बेटाच्या समोर. ऑफिसच्या खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसायच्या आणि क्रेनच्या पायांमधून ते बेट, दोन उंचवटे आणि मध्ये खोलगट. पावसाळ्यात ते हिरवंगार व्हायचं, मे महिन्यात राखाडी. सत्तावीस वर्षं मी ते बघत होते. कंटेनर आले, गेले, साहेब बदलले, टाइपरायटरचे कॉम्प्युटर झाले. बेट जागेवर होतं आणि मीही.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मोठं काहीच झालं नाही. ऑफिसची सहल ठरली, घारापुरीच, घरच्यांनाही घेऊन. केतकी नावाची नवी मुलगी कामं वाटत होती. कुणाकडे नाश्ता, कुणाकडे खेळ. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मॅम, तुम्ही लगेज बघाल ना? म्हणजे तुम्हाला टेन्शन नको वर यायचं.’ तिशीही न गाठलेली पोर, जुन्या कुणीही तिला काही सांगितलं नव्हतं, तरी तिला आपोआप कळलं होतं की ही बाई पिशव्यांची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, ‘नाही. मी वर येणार आहे.’

‘खुर्चीतून?’ तिने विचारलं. बेटावर चार माणसं खुर्ची खांद्यावर घेऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर नेतात. त्यात वाईट काही नाही, घाम गाळून पोट भरतात ते.

‘पायांनी,’ मी म्हटलं. ‘दोन आहेत मला.’

केतकी हातातल्या यादीत बघायला लागली. चहाचे कप गोळा करत असलेली सुगंधा तेवढी फिस्सकन हसली. सुगंधा आमच्याकडे चहापाणी आणि फायलींची ने-आण बघायची. सासर घणसोली गावात, माहेर त्या बेटावर. संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘म्याडम, पायऱ्यांचं सोरा. त्या चरशीला तू. पन बोटीत कशी चरशील?’

बोटीत चढायचं कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. ओहोटीला बोट धक्क्याच्या खाली जाते आणि शेवाळलेल्या पायऱ्या उतरून तिच्यात शिरावं लागतं. माझ्या पायाला शेवाळ म्हणजे साक्षात यम. पण पूर्ण भरतीला बोट वर उचलली जाते, धक्क्याच्या बरोबरीला येते आणि माणूस नुसतं पाऊल टाकून आत जातो. ‘भरतीचं जावाचं आन् पानी हाय तवर परत निंगाचं,’ सुगंधा म्हणाली. ‘माज्या भावाची बोट हाय. धर्मा सोडंल आपल्याला गावच्या धक्क्याला. पन थितं चिखल. भरतीपासून तीन तास पानी, मंग बोट बसली का बसली. संद्याकाळ बगाची.’

‘पण भरती कधी ते कसं कळायचं?’

‘तिथी बग. तिला पावनपट कर. झाला टाइम.’

मी कागदावर करून बघितलं. चतुर्थी, चार पाऊणे तीन, भरती तीनला. अष्टमी, सहाला. समुद्राचं एवढं मोठं गणित एवढं सोपं असेल यावर माझा विश्वास बसेना, म्हणून आठवडाभर रोज मोबाईलवर पडताळलं. थोडंफार इकडेतिकडे, पण सुगंधाचा हिशोब चुकला नाही, म्हणून मग मोबाईल बघणंच सोडलं. मला वेडच लागलं. बसमध्ये, भाजी घेताना, दात घासताना मी तिथ्या पाऊणपट करायची. ऑफिसात माझं नाव भरतीवाल्या मॅडम पडलं. सहलीचा रविवार कुठला आणि निघायचं किती वाजता, हे शेवटी मीच ठरवलं. पौषातली एकादशी. अकरा पाऊणे सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती, सव्वाअकरापर्यंत पाणी. उपास होता, पण माझ्या उपासाने कुणाचं काय अडणार होतं? रताळी उकडून घेतली की झालं.

आणि त्याच दिवसांत मी जिना चढायला लागले. आमची सोसायटी सात मजल्यांची, म्हणजे पायऱ्या जवळजवळ बेटावर आहेत तेवढ्याच. रोज संध्याकाळी चांगला पाय वर, मग लोखंडी पाय ओढून त्याच्या शेजारी. उतरताना उलट, लोखंडी आधी. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर बसले. जाणारे-येणारे थांबायचे. ‘काकू, लिफ्ट बंद आहे का?’ ‘नाही, चालू आहे.’ ‘मग?’ ‘मग काय?’ पाचव्या मजल्यावरच्या गुरव वहिनी दार उघडून म्हणाल्या, ‘या वयात कशाला जिवाला त्रास?’ मी म्हटलं, ‘वय पायाला असतं वहिनी, जिन्याला नाही.’ काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही, पण वहिनींनी दार लावून घेतलं हे खरं.

श्रीकांत, माझा नवरा, मला अडवत नव्हता. त्याची तऱ्हाच तशी. तो रागावत नाही, काळजी करतो, आणि काळजीशी भांडता येत नाही. रात्री माझ्या पायाला तेल चोळून देताना तो पट्ट्याने सोललेल्या जागा बघायचा आणि उसासा टाकायचा. एकदा म्हणाला, ‘तिथं काही नाही गं शैला. मी दोनदा जाऊन आलोय.’

‘तेच बघायचंय मला,’ मी म्हटलं. ‘तिथं काही नाही, हे माझ्या डोळ्यांनी बघायचंय.’

त्या रविवारची सकाळ अजून माझ्या अंगावर आहे. न्हाव्याच्या धक्क्याला पाणी तुडुंब, बोट अगदी बरोबरीला. सुगंधा आत उभी राहून म्हणाली, ‘हात दे बाय, लाजू नको,’ आणि मी पाऊल टाकून आत गेले. डिझेलचा वास, खारा वारा, दोरखंडावर बसलेला एक शहाणा बगळा. मागे बंदराच्या क्रेन लहान होत चालल्या आणि सत्तावीस वर्षं खिडकीत बसलेलं बेट मोठं होत गेलं. जवळून त्याच्यावर झाडं होती, घरं होती, दोरीवर वाळणारे कपडे होते. लांबून ते कधी कपडे वाळवणारं बेट वाटलं नव्हतं.

गावातून चढणीशी पोचायलाच मला वेळ लागला. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळी ताडपत्री आणि तिच्याखाली दुकानं, दगडी हत्ती, मण्यांच्या माळा, टोप्या. ताडपत्रीतून ऊन गळत होतं, सगळ्यांचे चेहरे निळे. खुर्चीवाले पुढे आले. त्यातला एक पिकल्या मिशांचा म्हणाला, ‘बसा मावशी, झोका घेतल्यासारखं वर जाल.’ मी म्हटलं, ‘दादा, राग मानू नका. आयुष्यभर बसलेच आहे मी.’ तो हसला आणि दहा-बारा पायऱ्या नुसता माझ्या बाजूने चालला. ‘ही पुढची हलते. डावीकडून या,’ एवढं सांगून परत गेला.

बाकीची मंडळी भराभर वर गेली. श्रीकांत माझ्याबरोबर थांबला होता, त्याला मीच पुढे पिटाळलं. कुणी बरोबर असलं की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघते, पायरीकडे नाही. पाय, काठी, खट. पाय, काठी, खट. एका दुकानदारणीने स्टूल दिलं, मी नको म्हटलं, मग पंचवीस पायऱ्यांनी दुसरीने दिलं तेव्हा मुकाट्याने बसले. माणसाने हट्टी असावं, मूर्ख असू नये. मांडीत गोळे येत होते. पट्ट्याखाली ओलं लागत होतं, तो घाम नव्हता हे मला ठाऊक होतं.

ऐंशीच्या पुढच्या कुठल्याशा पायरीवर मी असताना वरून ऑफिस खाली आलं. केतकी, सगळी मुलं, सगळ्यांचे चेहरे लाल. ‘मॅम, यू आर टू गुड! पण सच्ची सांगते, वर काही विशेष नाही. गर्दी आहे नुसती.’ त्यांच्या मागून श्रीकांत. घड्याळाकडे बघत.

‘शैला, सव्वादहा झालेत. सव्वाअकराला पाणी जाणार. तूच सांगितलंस सगळ्यांना. तुला उतरायलाच तासभर लागेल.’

‘मग?’

‘मग चल. इतकी आलीस हेच खूप झालं.’

त्याच्या मागे वीस माणसं थांबली होती. लहान मुलं होती, दुपारी घरी पोचायचं म्हणून कुणी पुढचं काही ठरवलं होतं. आणि गणित माझंच होतं, मीच छाती फुगवून सांगितलेलं. मी वर बघितलं. वळणापलीकडे झाडांची सावली दिसत होती, तीस-चाळीस पायऱ्या उरल्या असतील. हेच खूप झालं. किती ओळखीचं वाक्य. माझ्या प्रगतिपुस्तकावर, माझ्या लग्नाच्या बोलण्यांत, माझ्या बढतीच्या वेळी, सगळीकडे हेच कुणीतरी म्हणालं होतं, आणि प्रत्येक वेळी मी ‘हो’ म्हणून खाली उतरले होते.

‘जाऊ दे पाणी,’ मी म्हटलं.

‘अगं, संध्याकाळपर्यंत अडकू सगळे.’

‘सगळे नको. पलीकडे पर्यटकांच्या मोठ्या धक्क्यावरून तुम्हाला दुसरी लाँच मिळेल. तुम्ही जा. मी आणि सुगंधा संध्याकाळी येऊ. पण मी आज वर जाणार आहे श्रीकांत. तू थांबलास तरी आणि गेलास तरी.’

इतक्या मोठ्याने मी त्याच्याशी चारचौघांत कधी बोलले नव्हते. दोन्हीकडची दुकानं ऐकत होती. त्याचा चेहरा उतरला, मला दिसलं, वाईटही वाटलं. तरी मी वळले आणि चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवला.

वर पोचले तेव्हा किती वाजले होते ते मी बघितलं नाही. आत शिरले तर एकदम गार आणि अंधार. बाहेरच्या उन्हामुळे आधी काही दिसेना, फक्त माझी खट ऐकू आली. त्या दगडी खांबांत ती खट इतकी घुमली की तिचा मला पहिल्यांदाच अभिमान वाटला. मग डोळे सरावले आणि भिंतींतून देव बाहेर आले. प्रचंड. शांत. मधले ते तीन चेहरे फोटोत बघितले होते, पण त्यांच्यापुढे उभं राहिलं की श्वास लहान होतो हे फोटोत नव्हतं. मग मी बाजूच्या मूर्तींकडे गेले आणि जागीच थांबले.

कुणालाही पाय नव्हते.

म्हणजे मांडीपासून तुटलेले, गुडघ्यापासून झिजलेले, पोटरीच्या जागी नुसता खडबडीत दगड. नाचणाऱ्या देवाचे पाय गेले होते आणि तो नाचतच होता. लग्न लागत होतं, वर-वधू दोघांचेही पाय फुटलेले, कुणी लग्न मोडलं नव्हतं. चाळीस वर्षं लोक या पायऱ्या चढून येत होते, यांना बघत होते, खाली येऊन मला सांगत होते की वर काही नाही. कुणाला दिसलंच नव्हतं. त्यांना दिसणारच कसं? त्यांनी चेहरे बघितले.

मी रडले. लपवून नाही, चांगली हुंदके देऊन. शेजारच्या गुजराती कुटुंबाने मला पाणी दिलं. या फुटक्या पायांच्या देवांना कुणी खाली सतरंजीवर बसवलेलं नव्हतं. जग त्यांच्याकडे वर चढून येत होतं. राग, आनंद, काय होतं ते मला निवडता येत नव्हतं आणि निवडायचंही नव्हतं.

खांबाशी श्रीकांत उभा होता. तो गेला नव्हता. केव्हापासून उभा होता कोण जाणे. मी काठीने नुसतं त्या मूर्तींच्या पायांकडे दाखवलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, ‘दोनदा आलो गं मी.’

उतरायला त्रास झाला. धक्क्याशी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते आणि मी मनाची तयारी केली होती, चिखलात बसलेली बोट, मोकळा धक्का आणि संध्याकाळपर्यंत सुगंधाच्या माहेरची पडवी. प्रत्यक्षात बोट पाण्यावर मजेत डुलत होती. आमची सगळी वरात, दुसरी लाँच न शोधता, तिच्यात तोंड पाडून बसली होती. सुगंधाचा भाऊ धर्मा टोपी तोंडावर घेऊन झोपला होता.

‘पाणी आहे अजून?’ मी विचारलं.

धर्माने टोपी बाजूला केली. ‘हाय की. बाराला जाईल. आज बारस नाय का?’

‘एकादशी आहे,’ मी म्हटलं. ‘उपास आहे माझा.’

सुगंधा हसून हसून बोटीच्या काठावर बसली. ‘एकादस काल झाली, बाय! ही तुमच्या घरची एकादस. दर्याला काय तुमचा उपास?’

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दिनदर्शिकेत कधी कधी दोन एकादश्या लागोपाठ येतात, पहिली स्मार्त, दुसरी भागवत. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसरी धरतात. मी उपासाची तिथी पाऊणपट केली होती. समुद्र मात्र कधीच द्वादशीवर गेला होता. बारा पाऊणे नऊ. भरती नऊला होती आणि पाणी बारापर्यंत.

‘मग सांगितलं का नाहीस?’ मी सुगंधावर ओरडले.

‘मला कुनी इचारलं?’ ती म्हणाली.

खरंच होतं. बेटावरच्या लेकीला आणि बोट हाकणाऱ्या माणसाला सोडून आम्ही सगळ्यांनी माझा कागद प्रमाण मानला होता. आणि मी? त्या पायरीवरून ‘हेच खूप झालं’ म्हणून मागे फिरले असते तर एका चुकीच्या गणितासाठी फिरले असते, आणि मला ते कधी कळलंही नसतं. आजवर अशी किती गणितं होती, ज्यांच्यापायी मी खाली बसले, आणि पाणी प्रत्यक्षात अजून होतं? परतीच्या वाटेवर रताळी खाताना मी हेच मोजत होते. श्रीकांतने माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

त्या रविवारनंतर माझी मांडी महिनाभर दुखत होती. डॉक्टर रागावले. मी त्यांचं ऐकून घेतलं आणि त्याच हंगामात कार्ल्याला गेले. जेजुरी अजून बाकी आहे. सगळीकडे पोचेनच असं नाही, एका ठिकाणी अर्ध्यातून परत आले, पण ते माझ्या पायाने ठरवलं, दुसऱ्या कुणी नाही.

तर कालचा मेसेज. श्रीकांत चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाचत होता. ‘खाली कुणीतरी असेलच’ इथं आल्यावर तो घसा खाकरून म्हणाला, ‘मी थांबू का खाली या वेळी? पिशव्यांपाशी?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तू चल. तिसऱ्यांदा नीट बघ.’

मग मी ग्रुपवर लिहिलं: ‘सातव्या मजल्यावरची शैला आणि श्रीकांत, दोघेही वर चढणार. निघायची वेळ ठरवण्याआधी बोटवाल्याला विचारा. खाली कुणीही नसेल. पिशव्या ज्याने त्याने आपापल्या उचलाव्यात.’